आकडा न बोलणारे आप्पा

किसनआप्पांना कुणी वय विचारलं तर ते उत्तर देत नसत. विचारणाऱ्याचा उजवा हात धरत, खांद्यावरचं उपरणं त्या हातावर टाकत आणि त्याच्या आड त्याची बोटं दाबत. दाबून झाली की उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर. ज्याला कळलं त्याला कळलं. ज्याला नाही कळलं तो हात चोळत निघून जायचा.

शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी त्यांना विचारलं, "घरात माणसं किती?" आप्पांनी मास्तरांचा हात धरला. मास्तर नवे होते. त्यांना वाटलं म्हातारा अंगठी काढून घेतोय, म्हणून त्यांनी हात हिसकला. पुढं त्यांनी कागदावर काय लिहिलं कुणास ठाऊक. डॉक्टरांनी विचारलं, "ताप किती दिवस आहे?" आप्पांनी हात पुढं केला. डॉक्टरांना वाटलं नाडी दाखवतायत. ते घड्याळ बघत नाडी मोजू लागले आणि आप्पा त्यांची बोटं दाबू लागले. दोघंही आपापल्या कामात इतके गढले की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दार ढकलून पाहिलं.

घरी त्यांची विधवा बहीण गंगूआत्या होती. तिला सवय झाली होती. भाकऱ्या थापताना "किती टाकू रं?" असं विचारून ती पिठानं भरलेला हात न बघताच मागं करायची. आप्पांची उपरणी कायम पिठानं पांढरी असत, ती त्यामुळं.

आप्पा जनावरांच्या बाजारातले दलाल. उभा जन्म बैलांच्या सौद्यात गेला. त्या बाजाराची रीत अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणारा आणि दलाल, दलाल आणि विकणारा, यांचे हात उपरण्याखाली जातात. बोट धरलं, दोन धरली, मूठ दाबली, की काय ते कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना फक्त कापड हलताना दिसतं. आप्पा म्हणत, "आकडा तोंडातनं पडला की त्यो गावाचा झाला. मग त्याला कुत्रं बी विचारत न्हाय." ही रीत बाजारात सगळेच पाळतात. बाजार उठल्यावर घरी येऊनही पाळणारे आप्पा एकटेच.

माझा आणि त्यांचा संबंध जागेमुळं आला. मी मूळचा सांगवीचा. दुसऱ्याचे ट्रॅक्टर धुण्यापासून सुरुवात केली आणि पुढं जुने ट्रॅक्टर घ्यायचे, रंगवायचे, विकायचे, या धंद्यात स्थिरावलो. घासाघीस करण्यात मी कुणाला हार गेलेलो नाही. एक अपवाद. बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला घरासाठी जागा घेतली, तेव्हा मध्यस्थ किसनआप्पा होते. त्यांनी माझा हात उपरण्याखाली घेतला, बोटं दाबली, मी "चालेल" म्हणालो. बाहेर आल्यावर समजलं की मला कळलेल्या भावापेक्षा खरा भाव बराच वर आहे.

"आप्पा, तुम्ही चार बोटं धरली होती!"

"आन् आंगठा? आंगठ्याला मोजत न्हाय व्हय तुमी, शेठ?"

अंगठा धरला होता की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मला वाटतं धरला नव्हता. शब्द दिला होता, म्हणून पैसे मोजले आणि त्यांच्याच समोर घर बांधलं. तेव्हापासून रोज सकाळी दार उघडलं की आप्पा दिसायचे आणि माझा चहा कडू व्हायचा.

पुढं आमच्या गल्लीत फोन आले आणि फोनच्या पाठोपाठ कॉर्डलेस आले. त्या काळी कॉर्डलेस म्हणजे मोठी मिजास होती. एक ठोकळा घरात भिंतीशी बसवायचा आणि त्याचा हँडसेट घेऊन अंगणात, गच्चीवर, कुठंही हिंडत बोलायचं. गल्लीत पहिला सेट मी आणला. अंगणात येरझाऱ्या घालत मी इंदापूरच्या गिऱ्हाइकांशी बोलायचो, तेव्हा रस्त्यानं जाणारे सायकलवरून उतरून बघायचे. मग समोरच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या, बँकेत कारकून असलेल्या शिंद्यांनी तसाच सेट आणला. तिथून त्रास सुरू झाला. माझ्या फोनचं बिल फुगायला लागलं. चौकशी केली तर शिंदेवहिनींचा हँडसेट माझ्याच ठोकळ्याला जोडला जात होता. त्या माहेरी बोलायच्या कोल्हापूरला, पैसे भरायचो मी.

मी शिंद्यांच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले, सगळी गल्ली गोळा केली, आणि तसाच पुण्याला गेलो. दुकानदारानं मला नवा महागडा सेट दाखवला. म्हणाला, "शेठ, याला सिक्युरिटी कोड आहे. तुमच्या फोनला आता कुणीही हात लावू शकत नाही. एकदम सेफ." मी तो घेतला.

जुना सेट पडून राहिला. एक दिवस आप्पा स्वतःहून आले.

"शेठ, त्ये मोकळं हिंडणारं यंत्र इकायचं हाय न्हवं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"गोठ्यात घंटी ऐकू याया पायजे."

आप्पांच्या घरामागं गोठा होता. त्यात एक म्हातारी गाय होती आणि दिवसाचा बराच वेळ आप्पाही तिथंच असत. घरातल्या फोनची घंटी तिथवर जात नसे आणि गंगूआत्या कानानं ठार बहिरी. आप्पांना कुणाच्या घंटीची वाट आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना एकच मुलगी, शकुंतला. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवली. तिला दिली होती डाळजला, इंदापूर तालुक्यात. लग्नाची बैठक आप्पांच्या दारातच झाली. माणसं उठता उठता आप्पांनी आणि व्याह्यांनी उपरण्याखाली हात घातले आणि बराच वेळ बोटं चालली. शकुंतलानं ते दारातून पाहिलं. लग्नाला वर्ष झाल्यावर एकदा सणाला माहेरी आली तेव्हा तिनं विचारलं, "आप्पा, त्या दिवशी माझं काय ठरलं?" आप्पा म्हणाले, "आकडा सांगायचा नसतो." ती म्हणाली, "मी बैल आहे का?" आणि पिशवी उचलून गेली. त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. ती परत आली नव्हती. आता डाळजला तिच्या घरी फोन बसल्याचं कळल्यापासून आप्पांनी गोठा सोडून लांब जाणं बंद केलं होतं.

तर ते सेट घ्यायला आले. या वेळी मी सावध होतो. म्हटलं, "उपरणं बाजूला ठेवा. भाव तोंडानं बोलायचा." आप्पा गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. शेवटी मीच वैतागून हात पुढं केला. पुन्हा एकदा मला कळलेला भाव आणि खरा भाव वेगळा निघाला. त्या दिवसापासून अंगठ्याचा विषय मी काढत नाही.

यंत्र आप्पांना चटकन कळलं, पण त्यांच्या पद्धतीनं. भिंतीशी बसलेला ठोकळा म्हणजे गाय आणि हातातला हँडसेट म्हणजे वासरू. "गाय दाव्याला, वासरू मोकळं," ते म्हणत. वासरू लांब गेलं की हंबरतं, म्हणजे पीं पीं करतं. रात्री त्याला गायीला लावायचं, म्हणजे ते चार्ज होतं. चार्ज शब्द ते वापरत नसत. "वासरू पितंय," म्हणत, आणि तेवढ्या वेळात कुणाला जवळ फिरकू देत नसत.

मी त्यांना शिंदेवहिनींची हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले.

"म्हंजी परकं वासरू तुमच्या गायीला लागलं."

"तेच. आता माझ्या नव्या सेटला कोड आहे. माझी गाय आपलंच वासरू ओळखते, परक्याला लाथ मारते."

"आन् हंबरलेलं?"

"काय?"

"गायीनं परक्याला लाथ मारली, ब्येस झालं. पन ती हंबरली तर शेजारच्या गोठ्यात ऐकू जातंच की."

मी म्हटलं, "आप्पा, हे जपानी यंत्र आहे, तुमचा गोठा नव्हे." आणि विषय संपवला.

त्यानंतर काही दिवसांनी शिंदेवहिनींनी आमच्या मंडळींना कुंपणापाशी गाठून हळू आवाजात सांगितलं की मूळव्याधीवर सुरणाची भाजी चांगली. आमच्या मंडळी घरात येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली होती?" मी फक्त पुण्याच्या डॉक्टरांना सांगितली होती. फोनवरून.

मी परत पुण्याला गेलो. त्या दुकानात मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाइकं पायऱ्या उतरून गेली. शेवटी दुकानदारानं हात जोडले.

"शेठ, कोड आहे तो लाइनसाठी. दुसऱ्याच्या हँडसेटनं तुमच्या लाइनवरून फोन लागत नाही. बिल वाचतं."

"आणि बोलणं?"

"बोलणं काय, ते ठोकळ्यापासून हँडसेटपर्यंत हवेतनंच जाणार. त्याच चॅनेलवर कुणाचा सेट असला तर त्याला ऐकू येतं. चॅनेल बदलायचं बटण आहे की. पण तिथंही कुणी असलं तर…"

"मग तू मला सेफ काय म्हणून सांगितलंस?"

"चोरीला सेफ म्हटलं, शेठ. ऐकण्याला कुठं म्हटलं?"

या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दाराला कुलूप आहे म्हणून घर घ्यावं आणि राहायला गेल्यावर कळावं की भिंती कापडाच्या आहेत, तशातली ही गोष्ट. कुलूप खरं होतं, हे त्याचं म्हणणं. पैसे त्यानं परत केले नाहीत.

परत येऊन मी हे आप्पांना सांगितलं. खरं तर सांगायला नको होतं, पण राग कुणाजवळ तरी काढायचा होता. शिवाय त्यांच्याकडं माझाच जुना सेट होता, त्याला तर कोडही नव्हता, आणि चॅनेल आमच्या दोघांचं एकच होतं. म्हटलं, "आप्पा, तुमची गाय हंबरली की माझ्या घरात ऐकू येतं. माझी हंबरली की तुमच्यात. आणि शिंद्यांच्यात दोन्ही."

आप्पांचा चेहरा उतरला. आयुष्यभर बोटांनी बोललेला माणूस. त्याला कळलं की आपण भर बाजारात ओरडायचं यंत्र विकत घेतलंय.

मग त्यांचे उपाय सुरू झाले. आधी ते हँडसेटवर आणि डोक्यावर मिळून उपरणं घेऊन बोलू लागले. गोठ्याच्या दारातून पाहिलं तर कापडाचं एक गाठोडं "व्हय, व्हय" म्हणताना दिसायचं. मी सांगितलं, कापडानं काही अडत नाही. मग त्यांनी ठोकळ्यावर घोंगडं टाकलं. तरी मला आत बसून त्यांचं पेंडीवाल्याशी झालेलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, आणि ते मी त्यांना दुसऱ्या दिवशी शब्दाशब्दानं ऐकवलं. यात मला थोडा आनंद झाला हे खोटं नाही.

"घोंगड्यातनं बी जातंय?"

"भिंतीतनं जातं, तर घोंगड्याचं काय घेऊन बसलात!"

त्यांनी बरेच दिवस विचार केला. नंतर एका सकाळी समाधानानं माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"शेठ, काल सांजच्याला म्या मोरगावच्या पाव्हण्याशी बोलत हुतो. ऐकलं का?"

"नाही बुवा."

"शिंदीणबाईनं?"

"विचारलं नाही. काय केलंत?"

त्यांनी मला आत नेलं. घरातल्या मोठ्या लोखंडी पेटीला मागून भोक पाडून त्यातून फोनची आणि विजेची अशा दोन्ही वायरी आत घेतल्या होत्या. ठोकळा पेटीत, पेटीला झाकण, झाकणाला कुलूप. कुलपाची किल्ली त्यांच्या करदोट्याला.

"आणि पाहुण्याचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं?" मी विचारलं.

आप्पा जरा घुटमळले. "त्येच म्हनलं. दोन-तीनदा हालो हालो केलं. न्हाय काय आलं. पन बाहेर बी कुणाला गेलं न्हाय बघा."

मी हसलो. त्यांचा फोन आता गल्लीतला सगळ्यात सुरक्षित फोन होता. लोखंडातून लहरी बाहेर जात नव्हत्या. आत तरी कुठून येणार? आधीचा वायरचा फोन काढून ठेवलेला, त्यामुळं घंटी हँडसेटमध्येच वाजायची, आणि हँडसेटला आता कशाचाच पत्ता नव्हता. हे मला तेव्हाच त्यांना नीट समजावून सांगता आलं असतं. पण त्यांनी इतक्या अभिमानानं कुलूप दाखवलं की मी म्हटलं, राहू दे, दोन दिवसांत आपोआप कळेल. त्यांना कळलं नाही. कमी फोन येणाऱ्या माणसाला फोन बंद आहे हे कळायला वेळ लागतो.

त्यानंतर मला डाळजला जावं लागलं. एक ट्रॅक्टर विकायचा असल्याचं कळलं होतं. जाऊन पाहतो तर मालक म्हणजे किसनआप्पांचे जावई. सौदा मी तासाभरात आटपला, दिवसाउजेडी आणि तोंडानं. चहा घेऊन शकुंतला आली. सरळ नाकाची, सरळ बोलणारी बाई. मी बारामतीचा, तेही त्यांच्या समोरच राहणारा, म्हटल्यावर ती उंबऱ्यातच थांबली.

"आप्पांची तब्येत बरी हाय का?"

"उत्तम. गोठ्यात असतात."

"आन् फोन? फोन हाय ना त्यांच्याकडं?"

"आहे. का?"

ती बांगडीशी चाळा करत म्हणाली, "सासरे गेले मागल्या वर्षी. आप्पा मातीला आले होते, लांब उभे राहिले, तसेच गेले. त्यानंतर मनात यायचं. म्हटलं आता आपणच बोलावं. परवा फोन लावला. वाजत राहिला. सांजच्याला परत लावला. वाजत राहिला. घरी असणारच ना ओ त्या वेळेला? उचलायचाच नसंल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिचे यजमान ट्रॅक्टरचे कागद शोधायला आत गेले होते. ती म्हणाली, "मला काय पायजे होतं? काय ठरवलं ते एकदा तोंडानं सांगावं. मी दारात उभी होते आन् बाहेर बोटं चालली होती. लोकं आजपर्यंत म्हणतात, किसननं हुंडा घासून कमी केला. कुणी म्हणतं उलट घेतले. घेतले असतील तर घेतले. पण माझा भाव मला नको का कळायला?"

आता खरं सांगायचं तर मी तिथं गेलो तेव्हा तिची बाजू घ्यायला उत्सुक होतो. आप्पांच्या उपरण्याखाली फसलेलं आणखी एक माणूस भेटलं, म्हणजे मी एकटा नाही, असं वाटलं होतं. पण त्या पेटीचं कुलूप डोळ्यापुढं आलं आणि डोकं तापलं. मी तिला एवढंच म्हणालो, "त्यांच्या फोनमध्ये बिघाड होता. आज संध्याकाळी ते करतील. घरात राहा."

बारामतीला आलो तो थेट आप्पांच्या गोठ्यात. ते गायीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते, शेजारी दगडावर मुकं वासरू.

"उठा. पेटी उघडा."

"का? कोन ऐकतंय?"

"कुणीच ऐकत नाही, हेच तर! तुम्हीपण नाही. शकुंतलाचा फोन आला होता. दोनदा. तुमच्या पेटीत आला आणि पेटीतच राहिला. तिला वाटतंय तुम्ही उचलला नाही."

आप्पांचा हात गायीच्या पाठीवर होता तिथंच राहिला. मग त्यांनी सवयीनं माझ्याकडं हात केला, उपरणं सावरत. मी माझा हात मागं घेतला.

"तोंडानं बोला, आप्पा. मला नाही, तिला. काय ठरलं होतं ते तिला सांगा. एवढंच मागतेय ती."

"न्हाय सांगता यायचं."

"का?"

"व्याह्याला शबूद दिला हुता. त्यो आता न्हाय. मेल्या माणसाचा आकडा फोडू?"

मी ओरडलोच. शेजारची माणसं बाहेर आली असतील, मला पर्वा नव्हती. "सौद्याला दोन बाजू असतात हे मला शिकवू नका. मी जन्मभर सौदेच केलेत. पण ज्या जनावराचा सौदा होतो ते मुकं असतं म्हणून त्याला सांगत नाहीत. ही मुकी आहे का? बारा वर्षं विचारतेय तुम्हाला!"

गायीनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. मग आप्पा उठले, करदोट्याची किल्ली काढली आणि घरात गेले.

मी मागोमाग जाऊन कोनाड्यात पडलेला त्यांचा आधीचा वायरचा फोन उचलला. म्हटलं, "हा लावा. यातलं बोलणं वायरीतून जातं. गल्लीत कुणाला ऐकू जाणार नाही."

"अजिबात न्हाय?"

"अजिबात नाही."

"मग नगं."

"अहो, कॉर्डलेसवर सगळी गल्ली ऐकेल. शिंदेवहिनी तर पदर खोचून बसतील."

"बसू द्यात. झाकून केलं ह्येच तर तिचं म्हननं हाय. आन् परत झाकूनच सांगू व्हय? तिला खरं वाटंल? चार माणसं ऐकत असली म्हंजी माणूस खोटं बोलत न्हाय."

त्यांनी ठोकळा पेटीतून काढला आणि खिडकीत, रस्त्याच्या बाजूला ठेवला. अँटेना ओढून पुरती उभी केली. हँडसेट घेऊन दारातल्या पायरीवर येऊन उभे राहिले. डाळजचा नंबर मी फिरवून दिला आणि माझ्या घरी आलो.

घरी आलो आणि माझा हँडसेट उचलला. ज्या आकड्यासाठी बारा वर्षं बाप-लेक बोलले नव्हते, तो कळायला हवा होता. धंद्यातल्या माणसाला ही खाज असते. कोपऱ्यावर शिंदेवहिनीही हँडसेट कानाला लावून तुळशीपाशी उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली. दोघांनीही दुसरीकडं पाहिलं.

"हालो," आप्पांचा आवाज आला. "डाळज का?"

"व्हय. कोण?"

"बारामती."

नुसती हवेची खरखर.

"बोला."

"तू फोन केलतास म्हनं. माझा फोन पेटीत हुता."

"पेटीत? फोन पेटीत कोण ठेवतं?"

"म्या."

तिला हसू आलं असावं, पण तिनं ते दाबलं. "बोला, आप्पा."

"तू इचारलं हुतंस. काय ठरलं म्हनून." आप्पा थांबले. पायरीवर ते खाकरले ते मला फोनमधून आणि खिडकीतून दोन्हीकडून ऐकू आलं. "चार."

शकुंतलाचा आवाज कडक झाला. "चार काय? हजार का तोळे?"

"येळा. वर्सातनं चार येळा तुला माहेराला धाडायची. पंचीम, दिवाळी, संक्रात आन् उन्हाळ्यात आंब्याला. पैशाचं तर सगळ्यांच्या म्होरं बैठकीत ठरलं हुतं, ऐकलंस की तू. त्याला उपरणं कशाला लागतंय? तुझा सासरा दोनावर अडला हुता. पंचीम आन् दिवाळी, बास म्हनला. सुगीत सून सोडत न्हाय म्हनला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यो म्हनला, व्याही, बाहेर कळलं तर लोकं म्हणतील सून राबवाया आणली आन् तिच्या सुट्टीचा भाव केला. माझी मान जाईल. म्या शबूद दिला. तू आलीस तवा त्यो जिता हुता. तुला त्याच्याच घरात ऱ्हायचं हुतं."

पुन्हा नुसती खरखर. शिंदेवहिनींनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं लाइन तुटली.

"आप्पा," शकुंतला म्हणाली, "तुम्ही किती मागितले होते?"

"सहा."

"मग दोन का सोडले?"

आप्पांनी आयुष्यात किती सौदे केले आणि किती जणांना निरुत्तर केलं ते त्यांनाच माहीत. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"त्यो उठून चालला हुता गं, पोरी."

मी बटण दाबून माझा हँडसेट बंद केला. ऐकणारा बाजूला झाला म्हणून हवेतलं बोलणं कमी होत नाही आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तरी बंद केला. तुळशीपाशी शिंदेवहिनीही आत गेल्या होत्या.

पण त्यानं काही फरक पडला नाही. समोरच्या पायरीवर आप्पा इतक्या मोठ्यानं बोलत होते की रस्त्यानं जाणाऱ्यालाही फोनची गरज नव्हती.

"तुझी थोरली पोर कितवीत हाय?… कितवीत?… आगं मोठ्यानं सांग की, मला हितं ऐकू येत न्हाय."